दार उघडते तेव्हा : लोकसंख्या, बाजार आणि जपानचे स्थलांतर धोरण

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे मामेबंधू इचलकरंजीहून सहकुटुंब घरी आले होते. सुताचा व्यापार आणि वीस-पंचवीस यंत्रमागांचा छोटा कारखाना असा त्यांचा दोन पिढ्यांचा व्यवसाय. धाकट्या चिरंजीवाने यांत्रिकी अभियांत्रिकीची पदविका घेतली असून दीड वर्षापासून तो जपानी भाषेच्या वर्गाला जातो. फराळ आटोपल्यावर त्याने काही कागद माझ्यापुढे ठेवले. जपानमधील एका कारखान्यात काम करण्याचा तो करारनामा होता. "काका, तुम्ही बँकेत आयुष्यभर कागद वाचलेत. हेही एकदा वाचून बघा," तो म्हणाला.

त्याच्या वडिलांची शंका निराळी होती. "दादा, जपान परक्या माणसाला थारा देत नाही असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग आता तोच देश आपल्या मुलांना बोलावतो कसा? आणि आज बोलावणारा उद्या घालवून देणार नाही कशावरून?"

प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि रास्त होता. त्या वेळी मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. त्यानंतर काही आठवडे जे वाचले, जे टिपून ठेवले, ते आपल्यापैकी अनेक घरांना उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडत आहे. आज आपल्या कुटुंबांतील मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी परदेशी जातात. त्यांना आत घेणारे राज्य कोणत्या हिशेबाने दार उघडते आणि कोणत्या हिशेबाने लोटून घेते, हे पालकांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

माणसे जास्त होती तेव्हा

आज मनुष्यबळासाठी जगभर शोध घेणारा जपान एके काळी माणसे बाहेर पाठवणारा देश होता. सतराव्या शतकात तेथील राज्यकर्त्यांनी प्रजेला देशाबाहेर जाण्यास मनाई केली आणि ही बंदी दोन शतकांहून अधिक काळ टिकली. देश व्यापारासाठी खुला झाला आणि पुढे १८६८ मध्ये मेइजी राजवट आली. पण खेड्यांत जमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार, ही स्थिती कायम राहिली. तेव्हा सरकारनेच पुढाकार घेतला आणि १८८५ पासून हवाई बेटांवरील उसाच्या मळ्यांत करारावर शेतमजूर पाठवण्यास आरंभ केला.

१९०८ मध्ये 'कासातो मारू' नावाचे जहाज ७८१ जपानी स्थलांतरितांना घेऊन ब्राझीलच्या सांतोस बंदराला लागले. ब्राझीलने १८८८ मध्ये गुलामगिरी रद्द केल्यामुळे कॉफीच्या मळ्यांना मजूर हवे होते. इटलीतून मजूर येत असत. परंतु तेथील हालअपेष्टांच्या बातम्या ऐकून १९०२ मध्ये इटलीने अशा अनुदानित स्थलांतरावर बंदी घातली. त्याच सुमारास अमेरिकेने जपानी मजुरांसाठी आपले दार जवळजवळ बंद केले. त्या एका जहाजामागे अशी चार देशांची गणिते होती. जहाजातील शेतकऱ्याला वाटत असेल की आपण नशीब काढायला निघालो आहोत. त्याची वाट मात्र इतरांच्या जमाखर्चाने ठरवून दिलेली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच स्थिती आणखी तीव्र झाली. परदेशांतून साठ लाखांवर सैनिक आणि नागरिक उद्ध्वस्त मायदेशी परतले. १९४९ या एका वर्षात सुमारे २७ लाख बालके जन्मली. अन्नाची टंचाई होती, कामाचा अभाव होता. त्यामुळे १९५० च्या दशकात ब्राझीलकडे माणसे पाठवण्याचे धोरण पुन्हा सुरू झाले.

परक्या हातांविना झालेली भरभराट

पुढे १९५५ पासून १९७३ पर्यंत जपानची अर्थव्यवस्था विलक्षण वेगाने वाढली. त्याच काळात पश्चिम जर्मनीही वाढत होता. जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानाशी करार करून लाखो परदेशी कामगार आणले. जपानने मात्र कोणालाही बोलावले नाही. दोन्ही देशांत कारखाने सारख्याच जोमाने चालत असताना धोरणे इतकी भिन्न का झाली?

याचे कारण लोकसंख्येच्या रचनेत सापडते. युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी जपानच्या खेड्यांत वयात येत होती. शाळा संपवलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना खास आगगाड्यांनी तोक्यो आणि ओसाकाच्या कारखान्यांत आणले जाई. मालक मंडळी त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणत. शेतीवरील माणूस शहरात आला, काही कामे यंत्रांनी उचलली, काही ठिकाणी स्त्रियांनी अर्धवेळ नोकऱ्या पत्करल्या. स्वतःच्या कणग्या भरलेल्या असताना कोणी दुसऱ्याच्या दारी धान्य मागायला जात नाही. जपानचे 'परक्यांना न घेण्याचे' धोरण आपण त्या समाजाचा स्वभाव समजत आलो. तो काही अंशी असेलही. परंतु त्या धोरणामागे भरलेल्या कणग्यांचा आधार होता, हे विसरता कामा नये.

मागचे दार

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या कणग्या रिकाम्या होऊ लागल्या. येनचा भाव वधारला, उद्योग तेजीत होते आणि सुशिक्षित जपानी तरुण ओतशाळा, बांधकाम, मासळीप्रक्रिया यांसारख्या कामांकडे पाठ फिरवू लागले. घाणेरडी, कष्टाची आणि धोक्याची अशा या कामांना जपानीत 'तीन क' ची कामे म्हणतात, कारण तिन्ही शब्दांचे आद्याक्षर तेथे 'क' आहे. परवान्याची मुदत संपल्यावरही राहून गेलेले परदेशी लोक ही कामे करू लागले. त्याच वेळी आणखी एक आकडा जाहीर झाला. १९८९ मध्ये जपानचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या अपत्यांची संख्या, १.५७ वर आला होता. लोकसंख्या स्थिर राहण्यास हा दर साधारण २.१ असावा लागतो. वर्तमानपत्रांनी त्या आकड्याला '१.५७ चा धक्का' असे नाव दिले.

उद्योजकांना हात हवे होते, मतदारांना परके नको होते. सरकारने दोघांचेही मन राखणारी वाट काढली. १९९० पासून अमलात आलेल्या कायदादुरुस्तीने परदेशांतील जपानी वंशजांना, तिसऱ्या पिढीपर्यंत, जपानमध्ये राहण्याची व कोणतेही काम करण्याची मुभा मिळाली. 'कासातो मारू' आणि त्यामागून गेलेल्या जहाजांतील माणसांची नातवंडे अशा रीतीने हामामात्सु, तोयोता, ओइझुमी येथील मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांत आली. ब्राझीलमध्ये तेव्हा महागाईने कळस गाठला होता. त्यामुळे २००७ अखेरीस जपानमधील ब्राझिलियन नागरिकांची संख्या ३ लाख १६ हजारांवर गेली.

दुसरी वाट १९९३ मध्ये निघाली. तिचे नाव 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजना'. विकसनशील देशांतील तरुणांना जपानी तंत्र शिकवून परत पाठवणे, हा तिचा जाहीर उद्देश. प्रत्यक्षात शेतांत, शिवणकामाच्या छोट्या कारखान्यांत आणि बांधकामांवर कमी वेतनाचे हात पुरवणे हे तिचे काम होऊन बसले. प्रशिक्षणार्थ्याला मालक बदलण्याची मुभा नव्हती. मायदेशातील दलालांची देणी भागवण्यासाठी कर्ज काढून आलेला तरुण जुलूम सोसावा की पळून जावे या पेचात सापडे. २०२३ या एकाच वर्षी साडेनऊ हजारांहून अधिक प्रशिक्षणार्थी कामाची जागा सोडून बेपत्ता झाल्याची नोंद आहे.

मामेबंधूंच्या शंकेचे उत्तर २००९ सालात आहे. २००८ च्या जागतिक मंदीत मोटारींची मागणी घटताच सर्वांत आधी कंत्राटावरील ब्राझिलियन कामगारांना कमी करण्यात आले. मग सरकारने जाहीर केले की जे बेरोजगार जपानी वंशज मायदेशी परततील त्यांना प्रत्येकी ३ लाख येन, आणि कुटुंबातील अवलंबितांना प्रत्येकी २ लाख येन, प्रवासखर्चासाठी मिळतील. अट अशी की त्याच दर्जावर पुन्हा जपानला यायचे नाही. वीस हजारांहून अधिक लोकांनी ते पैसे घेतले आणि वीस वर्षांत मांडलेला संसार आवरला. जपानी शाळेत वाढलेली, पोर्तुगीज धड न येणारी मुलेही त्यांच्यासोबत गेली. २०१३ मध्ये मनुष्यबळाची चणचण पुन्हा भासू लागल्यावर ती बंदी काही अटींवर उठवण्यात आली.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर येथे राज्याने माणसांकडे रोख पत मर्यादेसारखे पाहिले. गरज लागली की उचल करायची, हंगाम सरला की भरणा करायचा. परंतु खात्यातील रक्कम परत भरता येते, तशी माणसाची वीस वर्षे परत भरता येत नाहीत.

आकड्यांपुढे चालेना

यानंतर जपानपुढे आलेला प्रश्न तात्पुरत्या मंदी-तेजीचा नव्हता. पंधरा ते चौसष्ट वयोगटातील, म्हणजे कमावत्या वयाच्या माणसांची संख्या १९९५ मध्ये सुमारे ८ कोटी ७० लाख होती. २०२३ पर्यंत ती सुमारे ७ कोटी ४० लाखांवर आली. सव्वा कोटीहून अधिक कमावते हात अठ्ठावीस वर्षांत कमी झाले. एकूण लोकसंख्येने २००८ मध्ये १२ कोटी ८० लाखांचा उच्चांक गाठला आणि तेव्हापासून ती उतरणीला लागली आहे. पासष्टीपुढील माणसांचे प्रमाण १९७० मध्ये ७ टक्के होते, ते २०२३ मध्ये २९ टक्के झाले. १९४९ मध्ये २७ लाख बालके जन्मली होती. २०२४ मध्ये जन्मलेल्या जपानी बालकांची संख्या ७ लाखांच्याही खाली गेली.

मंदी हटवण्यासाठी व्याजदर कमी करता येतो, सरकारी खर्च वाढवता येतो. पण वीस वर्षांपूर्वी न जन्मलेला तरुण आज कोणत्याही उपायाने कामाला येत नाही. वृद्धाश्रमात उचलून बसवणारे हात, बस चालवणारे हात, रात्रीच्या पाळीत डबाबंद अन्न भरणारे हात आकड्यांतून वजा झाले, की त्यांची उणीव दारात येऊन उभी राहते.

म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये कायदा झाला आणि एप्रिल २०१९ पासून 'विशिष्ट कौशल्य' हा नवा परवाना सुरू झाला. चौदा क्षेत्रांत, पाच वर्षांत ३ लाख ४५ हजारांपर्यंत परदेशी कामगार घेण्याचे ठरले. साध्या श्रमाच्या कामांसाठी परदेशी माणूस हवा, हे जपानने प्रथमच उघडपणे मान्य केले. तरीही तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे हे स्थलांतराचे धोरण नव्हे असे वारंवार सांगत राहिले. २०२४ मध्ये क्षेत्रांची संख्या सोळा झाली आणि पुढील पाच वर्षांची मर्यादा ८ लाख २० हजारांवर नेण्यात आली. ऑक्टोबर २००८ मध्ये जपानमध्ये परदेशी कामगार ४ लाख ८६ हजार होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते २३ लाखांवर गेले. त्यांत सर्वाधिक व्हिएतनामचे आहेत.

निवड दोन्ही बाजूंनी होते

येथवरच्या कथेत राज्य निवडणारे आणि माणूस निवडला जाणारा दिसतो. गेल्या काही वर्षांत हे चित्र पालटत आहे. २०१२ च्या सुमारास एका डॉलरला सुमारे ८० येन पडत. २०२४ च्या मध्यास १६० हून अधिक पडू लागले. घरी पैसे पाठवणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने जपानचे वेतन तेवढे उतरले. दक्षिण कोरियाने २००४ पासून सरकार-ते-सरकार कराराने कामगार घेण्याची व्यवस्था उभी केली आहे. तैवान आणि जर्मनीही त्याच बाजारात उतरले आहेत.

जून २०२४ मध्ये जपानच्या संसदेने तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजना मोडीत काढणारा कायदा केला. २०२७ पासून तिच्या जागी नवी व्यवस्था येत आहे. तीत 'तंत्र शिकवून परत पाठवणे' हा बुरखा टाकून 'मनुष्यबळ घडवणे आणि टिकवणे' हा उद्देश उघडपणे लिहिला आहे. एक-दोन वर्षांनंतर, ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास, त्याच क्षेत्रात मालक बदलण्याची मुभा कामगाराला मिळेल. या हक्कासाठी तेथील वकील आणि कामगारांचे कैवारी तीस वर्षे झगडत होते. त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु कामगार दुसऱ्या देशाकडे वळू लागल्यावरच ते मागणे मान्य झाले, ही गोष्टही नोंदवली पाहिजे.

याचा अर्थ दार आता कायमचे उघडले असा मात्र नाही. अर्थकारण आणि लोकसंख्या दाराला आतून ओढतात, तसा मतदार बाहेरून रेटतो. जुलै २०२५ मधील वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'जपानी प्रथम' ही घोषणा देणाऱ्या एका लहान पक्षाने चौदा जागा मिळवल्या. गरज वाढत असताना नाराजीही वाढते. म्हणून धोरणाचा काटा एका जागी ठरत नाही. तेथील राष्ट्रीय लोकसंख्या संस्थेच्या २०२३ मधील अंदाजानुसार २०७० मध्ये जपानची लोकसंख्या ८ कोटी ७० लाखांवर येईल आणि दर दहा माणसांत एक परदेशी असेल. हा अंदाज खरा ठरावयाचा, तर पुढील प्रत्येक सरकारला हा काटा सांभाळावा लागेल.

कोबेचे मंदिर

आपल्या समाजाचा जपानशी असलेला संबंध मात्र जुना आहे आणि तो निराळ्या दाराने आलेला आहे. १९२३ च्या कांतो भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबे बंदरात आले. पुढे मोत्यांच्या व्यापारानिमित्त जैन कुटुंबे कोबेत स्थिरावली. तेथील कितानो भागात १९८५ मध्ये भगवान महावीरांचे संगमरवरी मंदिर उभे राहिले.

ज्या दशकात जपान श्रमिकाला आत घ्यावे की नाही या विवंचनेत होता, त्याच दशकात तेथे हे मंदिर उभे राहिले. कारण उघड आहे. व्यापारी भांडवल घेऊन आला, त्याच्या वास्तव्याच्या परवान्यात पत्नी आणि मुले बसत होती. कुटुंबे आली म्हणून सणवार आले, स्वयंपाकाची सोय आली, मुलांच्या संस्कारांची चिंता आली आणि मग मंदिर आले. एकट्या पुरुषांच्या निवासगृहापाशी मंदिर उभे राहत नाही. राज्य परक्याला कुटुंबासह घेते की एकट्याला, यावरच तो तेथे नागरिकासारखा रुजणार की पाहुण्यासारखा राहणार हे ठरते.

करारनामा वाचताना

हे सारे समजून घेतल्यावर मी चिरंजीवाचे कागद पुन्हा वाचले. त्याचा परवाना 'विशिष्ट कौशल्य' प्रकारातील पहिल्या श्रेणीचा आहे. त्याला कारखाना न आवडल्यास त्याच क्षेत्रात दुसरीकडे जाता येईल. समान कामाला जपानी कामगाराएवढे वेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. वास्तव्याची मर्यादा एकूण पाच वर्षे आणि या श्रेणीत कुटुंबाला सोबत नेता येत नाही. अधिक कठीण परीक्षा उत्तीर्ण होऊन दुसऱ्या श्रेणीत गेल्यास परवान्याचे नूतनीकरण होत राहते आणि पत्नी-मुलांनाही नेता येते. पदवीधर अभियंत्यांसाठीचा परवाना वेगळा आहे. त्यात कुटुंबाला आरंभापासून मुभा आहे.

ज्यांच्या घरी असे कागद येतील त्यांनी चार गोष्टी अवश्य तपासाव्यात. परवाना नेमका कोणत्या श्रेणीचा आहे? मालक बदलता येतो का? कुटुंबाला केव्हा नेता येईल? आणि मध्यस्थाला द्यावयाची रक्कम किती, कशासाठी, आणि तिची पावती मिळते का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर देताना मध्यस्थ चाचरला, तर कागद तेथेच मिटावा. कर्ज काढून गेलेल्या माणसाला हक्क कागदावर असूनही वापरता येत नाहीत, हे प्रशिक्षणार्थ्यांच्या अनुभवाने दाखवून दिले आहे.

भारत आणि जपान यांच्यात या परवान्याबाबत जानेवारी २०२१ मध्ये सहकार्य करार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये उभय देशांनी पाच वर्षांत दोन्ही दिशांनी पाच लाख लोकांची देवाणघेवाण करण्याचे ठरवले असून त्यांत भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल मनुष्यबळ धरले आहे. संधी खरी आहे. ती आपल्या गुणांइतकीच त्यांच्या गरजेतून आलेली आहे, एवढे भान ठेवून ती घ्यावी. गरज आहे तोवर भाषा आणि परीक्षा यांच्या जोरावर पुढची श्रेणी गाठावी, म्हणजे मंदी आली तरी पायाखाली जमीन राहते.

हे सर्व सांगण्यासाठी मी स्वतः इचलकरंजीला गेलो. कारखान्याच्या कचेरीत बसून बोलत होतो. पलीकडे मागांचा खडखडाट चालू होता. "पाच वर्षे कुटुंब नेता येणार नाही," हे वाक्य ऐकल्यावर मामेबंधू बराच वेळ बोलले नाहीत. मग काचेतून पलीकडे पाहत म्हणाले, "दादा, आपला जॉबर बिहारचा. नऊ वर्षे झाली त्याला इथे. बायको-मुले गावाकडेच आहेत. मागावरच्या एकाचेही कुटुंब इथे नाही. जपानला आपण नावे ठेवतो. मी तरी त्यांना कधी विचारले?"

मी काही उत्तर दिले नाही. गेल्या महिन्यात त्यांचा दूरध्वनी आला. चिरंजीवाच्या परवान्याचे काम मार्गी लागले आहे. कारखान्यामागच्या दोन खोल्यांची दुरुस्तीही त्यांनी काढली आहे. जॉबरची पत्नी आणि दोन मुले जूनपूर्वी येणार आहेत, आणि हिंदी माध्यमाची शाळा जवळपास कोठे आहे याची ते चौकशी करीत होते.